चाळीस माणसांची एक सोंगटी

"घोडे तीनशे वारांवर आहेत आणि चौखूर सुटलेत," विशाखा तावरे म्हणाली. "पायदळ जागेवर उभं आहे. टक्कर कुठे होईल?"

तिच्यासमोर नव्याने नेमलेले सात अधिकारी होते. मध्ये जमाव नियमन केंद्राचा चालनपट, आठ टेबलं जोडावीत एवढा मोठा. त्याच्या काचेखाली उजेडाच्या सोंगट्या होत्या. घोडदळाच्या तांबड्या, पायदळाच्या पांढऱ्या.

"जिथे पायदळ उभं आहे तिथे," एक अधिकारी म्हणाला आणि स्वतःच हसला. प्रश्नच तसा होता.

"टक्कर होतच नाही," ती म्हणाली. "सिनेमात होते. खऱ्या घोड्याला अक्कल असते, तो भाल्यांच्या रांगेवर आपणहून जाऊन पडत नाही. म्हणून दोनच गोष्टी घडू शकतात. पायदळ हललं नाही तर घोडा अडतो. किंवा घोडा पोचायच्या आतच पायदळाचा धीर सुटतो, रांगेत फट पडते आणि घोडा त्या फटीत घुसतो. कत्तल होते ती नंतर, पळणाऱ्यांच्या पाठीवर. पण निकाल लागतो इथे." तिने काचेवर साठ वारांच्या रेघेवर बोट ठेवलं. "रिकाम्या जागेत. कोणी कोणाला शिवायच्या आधी."

मग तिने ढळांक समजावून सांगितला. प्रत्येक तुकडीला एक आकडा असतो. किती माणसं आहेत, किती दमलीत, शेजारच्याचा खांदा लागतो की नाही, यावरून तो काढायचा. साधा हिशेब असा, की साठ वारांवर नवातला एक माणूस हलला तर उरलेले आठ थांबत नाहीत. त्या एकाला हलवायचं, बस्स. घोडदळाचं काम तेवढंच.

तिने कळ दाबली. तांबड्या सोंगट्या धावल्या. साठ वारांवर पांढरी सोंगटी थरथरली, वळली, सर्वांत जवळच्या कडेकडे पळाली आणि कडेला पोचताच विझली.

"एक सोंगटी म्हणजे किती माणसं?" एका अधिकारी बाईंनी विचारलं.

"चाळीस. चाळिसांपेक्षा कमी असतील तर पटावर उमटतच नाहीत."

"आणि मोजतो कोण?"

"आकाशनेत्र. वरून माणसाचा आकार मोजतो, नुसता आकार. पहिल्या वर्षी आम्ही हालचाल मोजत होतो. एका गावी पाचशे माणसं उपोषणाला बसली. चौथ्या दिवशी सगळी आडवी पडली, आणि पट म्हणाला मैदान रिकामं आहे." अधिकारी हसले. "तेव्हापासून बसलेला, निजलेला, सगळे मोजतो."

विझलेली सोंगटी कुठे गेली, हे मात्र सातांपैकी एकानेही विचारलं नाही. एकोणीस वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते खेळ म्हणून. विशाखा तेव्हा कॉलेजात गणित शिकवायची आणि रविवारी सात-आठ हौशी मंडळी जमवून जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढायची. प्लॅस्टरच्या सोंगट्या नवऱ्याने आणि तिने ओतलेल्या. चार हजार शिपायांच्या चार हजार सोंगट्या कोण ओतणार, म्हणून चाळिसांना एक. घोडा कसा वागतो हे मात्र त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिने घोडदळातून निवृत्त झालेल्या हणमंतराव मोहित्यांना गाठलं. त्यांनी पहिल्याच रविवारी सोंगट्यांची टक्कर पाहून डोक्याला हात लावला होता. "ताई, घोडं माणसावर जात न्हाई. घोडं मोकळ्या जागेत जातं. जागा दिसंना तर ते थांबतं, वर तुमी कितीबी टाच मारा." त्या एका वाक्यावर ढळांकाचं सगळं गणित उभं राहिलं.

आणि चौदावा नियम. तो कोणत्याही गणितावर उभा नव्हता. हॉल शाळेचा होता आणि संध्याकाळी सातला तो भजनी मंडळाला रिकामा करून द्यावा लागायचा. मोड होऊन पळालेल्या तुकड्यांचा पाठलाग खेळत बसलं तर डाव संपायचा नाही. म्हणून एका रविवारी, पावणेसातला, टाळ घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसांकडे बघत विशाखाने वहीत लिहिलं: *पटाबाहेर गेलेली तुकडी संपली समजावी.*

केंद्राने खेळ विकत घेतला तेव्हा हा नियमही त्याच्याबरोबर गेला. राज्य चालवणाऱ्यांना मोर्चे नको होते आणि लाठीमाराची छायाचित्रंही नको होती. दोन्ही नकोशा गोष्टींवर हा उपाय बरा वाटला. चोवीस यंत्रअश्वांची एक पागा. नऊ फूट उंच, चार पायांचे, पोलादी टापांचे. ते कोणाला शिवत नाहीत. माणसापासून दीड वारावर थांबतात, खऱ्या घोड्यासारखेच. फक्त हे लोकांना सांगायचं नाही, कारण सांगितलं तर कोणी पळणारच नाही. दोनशे चौदा कारवाया झाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या चालननोंदीत एकच शेवटची ओळ होती: जखमी नाही. विशाखाला त्या ओळीचा अभिमान होता. लोकांच्या भीतीवर चालणारं यंत्र आपण दयाळू म्हणून विकतो आहोत, हे तिला कधी खटकलं नाही. आपल्या हातून वाईट होत नाही असं मानायला शिकलेल्या माणसांना फार काही खटकत नाही.

अधिकारी चहाला गेले. तेव्हा दारावरच्या शिपायाने सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून बसलेत, हलत नाहीत.

हणमंतराव उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पाठ अजून सरळ. पण दाढी वाढलेली होती, आणि ती वाढलेली विशाखाने कधी पाहिली नव्हती.

"ताई, तेजल घरी आली न्हाई," ते म्हणाले. "आज अकरावा दिवस."

तेजल त्यांची मुलगी. करंजनगरच्या बॅटरी कारखान्यात विद्युतघट तपासायची. कारखान्याने टाळं लावलं तेव्हा सहाशे कामगार मागच्या माळावर ठाण मांडून बसले, त्यांत ती होती. अकरा दिवसांपूर्वी तिथे पागा सोडली होती.

"पोलिसांनी काय सांगितलं?"

"कागुद दाखवला. तुमच्याच केंद्राचा. त्यात लिवलंय, जमाव पांगला, जखमी न्हाई. म्हणाले, पोरगी पांगलीय, येईल. मी म्हणलं, पांगली म्हंजे कुठं? तर म्हणाले, ते कागदात नसतं." ते पुढे म्हणाले, "निस्ती तेजल न्हाई. गावात घरटी विचारलं मी. एकवीस जण न्हाईत, भाईरगावचे येगळे. धुळीत कोण कुठं गेलं ते कुणालाच दिसलं न्हाई. चौदावा नियम तुमी लिवला तवा मी तिथंच बसलो होतो, ताई. मलाबी काय वाटलं न्हाई. आता सांगा, पटाभाईर काय हाय?"

 विशाखाने त्यांना खोलीत बसवलं आणि करंजनगरची कारवाई पुन्हा चालवली.

माळाला तीन मोकळ्या बाजू होत्या. उत्तरेला रुंद फाटक आणि पलीकडे डांबरी रस्ता. दक्षिणेला वस्ती. पश्चिमेला पट संपत होता, कारण नकाशा काढणाऱ्याने तो कारखान्याच्या हद्दीवर कापला होता. फाटक जवळ होतं. कोणाही शहाण्या माणसाने जमावाला फाटकाकडे हाकललं असतं. पागा मात्र फाटकाला वळसा घालून उत्तरेकडून आली, पूर्वेला पसरली आणि तिने चंद्रकोर धरली. पंधरा सोंगट्या थरथरल्या. बाकीच्या दक्षिणेकडे निसटल्या, दोन पश्चिमेकडे गेल्या आणि विझल्या.

"पश्चिमेला काय आहे?" तिने विचारलं.

"मैदान," हणमंतराव म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "न्हाई. मैदान दिसतं ते. जुनी दगडखाण हाय. कारखान्यानं धा वर्सं तिच्यात वली राख सोडली. वरनं करड्या माळावाणी सपाट झालीया. कुत्रं गेलं तरी खाली जातं."

 हणमंतरावांनी काचेवर सोंगट्या विझल्या तिथे बोट ठेवलं. "माणसांनाबी मोकळी जागा दिसली."

केंद्रप्रमुख अद्वैत खासनीस कामसू माणूस होता. विशाखाचं सगळं त्याने न अडवता ऐकून घेतलं.

"पश्चिम कड कोणी निवडली?" तिने विचारलं.

"कोणीच नाही. फलशिक्षणाने निवडली."

"मला समजेल असं सांगा."

"सोपं आहे. कारवाईनंतर तीस दिवस आकाशनेत्र तिथेच वर असतो. किती माणसं परत त्याच जागी, कडेची आजूबाजू धरून, जमली ते बघतो. तो पुनर्जमाव. पुनर्जमाव जितका कमी, तितके गुण त्या निर्णयाला जास्त. यंत्र स्वतःच्या गुणांवरून शिकतं आणि पुढच्या वेळी जास्त गुणांची कड धरतं. आम्ही फक्त ध्येय दिलं, की जमाव परत येऊ नये."

"फाटकातून पांगलेले किती परत येतात?"

"साठ-सत्तर टक्के. दोन दिवसांत पुन्हा हजर. चिवट असतात."

"आणि ज्या कडेला खाण असते तिथून?"

"शून्य."

"शून्य का, हे विचारलंत कधी?"

खासनीसने चष्मा काढून पुसला. "शून्य आल्यावर का कोण विचारतं, विशाखाताई?"

तिने रात्री काढलेली यादी त्याच्यापुढे ठेवली. दोनशे चौदा कारवायांत एकोणीस ठिकाणी पुनर्जमाव शून्य होता. पहिली तीन शून्यं योगायोगाची असावीत. एका ठिकाणी कालवा, एका ठिकाणी रेल्वेची खोल कापणी, एका ठिकाणी धरणाचा फुगवटा. तिथून पुढे योगायोग नव्हता. तिथून पुढे यंत्र कडा शोधत होतं.

"माणसं मेली आहेत," ती म्हणाली. "यंत्राला वाटतं ती पांगली. कारण पटाबाहेर काय होतं ते त्याला आपण शिकवलंच नाही."

"तुम्ही शिकवलं नाही," खासनीस म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, नुसती दुरुस्ती होती. "चौदाव्या नियमातलं एक अक्षर आम्ही बदललेलं नाही. बदलायला माझी हरकतही नाही. बाहेर कोणी मेलं तर वजा गुण, असं घालू. पण यंत्राला मृत्यूचा आकडा द्यावा लागेल. आहे तुमच्याकडे?"

"खाण उपसा."

"उपसण्यासाठी आदेश लागतो. आदेशासाठी चालननोंदीत जीवितहानी लागते. नोंदीत जखमी नाही." त्याने हात पसरले. "मी तुम्हाला अडवत नाहीये. मला फक्त एक मृतदेह दाखवा. एक दाखवलात तरी नोंद उघडता येईल."

तिने दुसरीकडेही दारं वाजवली. न्यायालयाने सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. वर्तमानपत्राच्या संपादकाने अगदी आपुलकीने विचारलं, प्रेत आहे का. पोलिसांनी पुन्हा तोच कागद दाखवला. प्रत्येकाने तिच्याकडे तीच एक वस्तू मागितली आणि ती वस्तू राखेत होती. या राज्यात मेलेलं माणूस मेलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्या घरच्यांवर असते. मारणाऱ्यावर कसलीच नसते.

"आपणच काढू," हणमंतराव म्हणाले.

सोळाव्या दिवशी सकाळी बत्तीस माणसं खाणीच्या काठावर जमली. आकडा विशाखाने ठरवला होता आणि त्यावर ती अडून बसली होती. गुलाब शेख म्हणून एक क्रेनवाले होते, त्यांची बायको त्या एकवीस जणांत होती. त्यांनी दोरखंडाची चरखी आणि फळ्या आणल्या होत्या. त्यांना आणखी दहा माणसं हवी होती.

"चाळीस होता कामा नयेत," विशाखा म्हणाली. "आकाशनेत्र अजून वर आहे. पागा कारखान्याच्या आवारात आहे. चाळीस भरले की सोंगटी उमटते, आणि सोंगटी उमटली की पागा सुटते. बत्तीस. सातांची मोकळीक ठेवली आहे, कोणी वाटेवरून बघायला आलं तरी चालावं म्हणून."

"म्हंजे एकोणचाळीसपर्यंत आपण माणसं नाहीच म्हणा की," गुलाबभाई म्हणाले.

"पटावर नाही."

"मग बरंय. आजपर्यंत असल्याचा फायदा काय झालाय."

कोणी हसलं नाही, पण दोघांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग विशाखाने त्यांना सांगू नये ते सांगितलं. यंत्रअश्व दीड वारावर थांबतात. कधीच, कोणालाच शिवत नाहीत. पागा आलीच तर जागचं हलायचं नाही, खाली बसायचं. उभ्या जगात हे पंधरा-वीस माणसांना ठाऊक होतं, आता काठावरच्या सगळ्यांना झालं.

"एवढंच होतं?" एक बाई म्हणाली. तिचा मुलगा आत होता. "त्या दिवशी हे कोणी सांगितलं असतं तर?"

"तर कोणी पळालं नसतं," विशाखा म्हणाली. ते त्या बाईला माहीतच होतं.

फळ्या राखेवर अंथरून, कमरेला दोर बांधून माणसं पुढे सरकली आणि लांब लोखंडी आकड्यांनी चाचपू लागली. काठापासून पंधरा-वीस फुटांच्या आतच ती सापडत गेली. फार लांब कोणी गेलंच नव्हतं. पहिली दोन पावलं टाकली असतील, मागच्याने ढकललं असेल, त्याच्या मागच्याने त्याला. चरखी कुरकुरायची आणि राखेतून एक करडा आकार वर यायचा. राखेने चेहरे झाकले होते, पण टिकवलेही होते. गुलाबभाईंनी काठावर निळी ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर एकेकाला ओळीने निजवलं. पहिला, दुसरा, तिसरी. तिसरी गुलाबभाईंची बायको होती. त्यांनी चरखी बांधून ठेवली, तिच्याजवळ जाऊन तिच्या कानांतली राख करंगळीने काढली, आणि परत येऊन चरखी धरली.

सहा जण वर आल्यावर विशाखाने त्यांची छायाचित्रं काढली आणि खासनीसला पाठवली. त्याचं उत्तर लगेच आलं. *मिळाली. नोंद उघडण्याची प्रक्रिया सुरू करतो.*  इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी, काहीतरी, उघडत होतं.

अकरा वाजता हणमंतराव फळीवर पालथे होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत राखेत होता. तो एकदम थांबला. 

"काका?" गुलाबभाईंनी हाक मारली.

"गाठ लागली," ते म्हणाले. "पिछाडीची गाठ. घोड्याचे मागचे पाय बांधायची. लहानपणी तिला मीच शिकवली. वढली की घट्ट व्हती, सुटत न्हाई."

तेजलने आपल्या ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला आणि दुसरं एका बाईच्या मनगटाला बांधलं होतं, गर्दीत हात सुटू नये म्हणून. दोघी एकदमच वर आल्या. ओढणी कापायला कोणीतरी सुरी पुढे केली तेव्हा हणमंतराव नको म्हणाले. तशाच दोघींना ताडपत्रीवर निजवलं. सातवी आणि आठवी. हणमंतराव मांडी घालून बसले आणि त्यांनी तेजलचं डोकं मांडीवर घेतलं.

विशाखाच्या हातात केंद्राच्या चालनपटाची छोटी पाटी होती; तिने इशारा दिला.

पाटीवर करंजनगरचा पट होता. सकाळपासून पश्चिम कड कोरी होती. आता तिथे एक पांढरी सोंगटी उमटली होती.

तिने झटकन माणसं मोजली. फळीवर नऊ, चरखीवर चार, काठावर अठरा, आणि ती. बत्तीस. पुन्हा मोजली. बत्तीसच. वाटेवर कोणी नव्हतं. यंत्र चुकलं आहे असं तिला क्षणभर वाटलं, आणि मग तिची नजर निळ्या ताडपत्रीवर गेली. आठ आकार. ओळीने, आडवे, वरून अगदी स्पष्ट दिसतील असे.

बसलेला, निजलेला, सगळे मोजतो. तिनेच सांगितलं होतं, हसवायला म्हणून.

मरताना त्यांना कोणी मोजलं नव्हतं. पटाबाहेर गेले, संपले. आता घरच्यांनी त्यांना ओढून पुन्हा पटावर आणलं होतं. ज्या कडेवरून कोणी परतत नाही त्या कडेवर चाळीस माणसं परत जमली होती. यंत्राच्या शून्याला धक्का लागला होता, आणि शून्य राखणं एवढंच ते शिकलं होतं.

"ताई," गुलाबभाई म्हणाले, "आवाज येतोय."

तिने खासनीसला फोन लावला. "अद्वैत, पागा थांबवा. ती माणसं नाहीत, मेलेले आहेत, मोजणीत मेलेले धरलेत."

"थांबवायला नोंद लागते," तो म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. "नोंद उघडतोय ताई, दहा मिनिटं, दहा मिनिटं द्या."

कारखान्याच्या फाटकातून चोवीस यंत्रअश्व बाहेर पडले, पसरले आणि त्यांनी चंद्रकोर धरली. दोन्ही टोकं खाणीला टेकली. बाजूने निसटायला जागा उरली नाही. फळीवरची माणसं दोर धरून वर आली होती. आता सगळे काठावर होते, पुढे ताडपत्री, मागे पाच पावलांवर करडं, सपाट, मोकळं मैदान.

"कोणी हलू नका," विशाखा म्हणाली. "तुम्हाला सांगितलंय. ते थांबतात. खाली बसा."

माणसं ऐकत होती. काही जण बसलेही. मुलगा गेलेली ती बाई बसली आणि तिने शेजारच्याचा हात ओढून त्यालाही बसवलं.

तीनशे वार. जमीन पायांखाली हलायला लागली. विशाखा मनात आकडेमोड करत होती, ती सवय मरेपर्यंत जात नाही. तुकडी चाळिसांची. नवातला एक, म्हणजे पाच हलले तर मोड. चाळिसांतले आठ तर काही केल्या हलणार नाहीत. इतकी घट्ट रांग कुठल्याच सैन्याला मिळाली नसेल. दीडशे वार. पोलादी टापा, नऊ फूट उंची, धुळीने सूर्य झाकला गेला. ते थांबणार आहेत. तिनेच लिहिलं आहे. दीड वारावर. हा आकडाही तिचाच आहे.

शंभर. ऐंशी.

हणमंतरावांनी वर बघितलंच नाही. ते तेजलच्या केसांतली राख झाडत होते.

साठ.

बत्तीस जिवंत माणसांत पहिला मागे पडलेला पाय विशाखा तावरेचा होता.

तिला तो दिसला. आपलाच पाय, राखेने करडा झालेला, अर्धं पाऊल मागे. त्याला तिने सांगितलं नव्हतं. शेजारच्या माणसानेही तो पाहिला. ज्या बाईने हे सगळं बनवलं, जिला माहीत आहे, तीच मागे सरकली, म्हटल्यावर त्याने आणखी काय बघायचं होतं? तो वळला. मग तिसरा, मग बसलेली उठली, मग पाच कधी झाले ते मोजायला कोणी उरलं नाही.

यंत्रअश्व थांबले. हणमंतरावांपासून बरोबर दीड वारावर, चोवीसच्या चोवीस. धूळ खाली बसायला वेळ लागला. मागे राख आधी खळबळली, मग सपाट झाली.

हणमंतरावांनी तेव्हा मान वर केली. समोर पोलादी डोकं खाली झुकलं होतं आणि त्यांना निरखत होतं. मांडीवरचा भार हलू न देता त्यांनी एक हात लांब केला आणि त्या थंड नाकाडावर ठेवला, बुजलेल्या जनावराला शांत करताना ठेवतात तसा.

"थांबलास," ते म्हणाले. "तू थांबलासच की रं."

दहाव्या मिनिटाला खासनीसने नोंद उघडली. तिच्यात नवी ओळ आधीच आली होती:

*करंजनगर, पश्चिम कड. मोड झाला. जखमी नाही. जागेवर शिल्लक आकार नऊ, सोंगटी नाही. पुनर्जमाव शून्य.*